नूरीच्या शब्दावर आलेल्या मुली

म्हसळ्याच्या मराठी शाळेत नूरी पहिलीला शिकवायची तेव्हा, रडत आलेलं पोर तिच्याकडे दिलं की गप्प होतं, अशी तिची ख्याती होती. ती फार काही करायची नाही. खाली बसायची, पोराच्या तोंडाजवळ तोंड न्यायची आणि हळू आवाजात काहीतरी विचारायची. पोर रडायचं विसरून उत्तर द्यायला लागायचं.

लग्न होऊन ती हमजाबरोबर कतारला, दोह्याला आली आणि तो आवाज घरात पडून राहिला. हमजा मेसईदच्या खत कारखान्यात मेंटेनन्सला होता. सकाळी कंपनीच्या बसने जायचा, संध्याकाळी आला की सोफ्यावर अंग टाकायचा. अलीजा शाळेत जायला लागली आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. अल अझीझिया वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत नूरीला दिवस खायला उठायचा.

म्हणून जवळच्याच एका व्हिलात हॉटेल मॅनेजमेंट शिकवणारी इन्स्टिट्यूट निघाली आणि तिथे बाई माणूस हवं आहे असं कळलं, तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी जाऊन उभी राहिली. डायरेक्टर अरुणकुमार गोड बोलणारा, इस्त्रीचे कपडे घालणारा माणूस. त्याने तिला फोनवर एका पालकाशी बोलायला लावलं, शेजारी उभा राहून ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या आवाजात आई आहे. पालकांना तेच लागतं."

नूरीला त्या वाक्याचा फार आनंद झाला. घरी येऊन तिने ते हमजाला दोनदा सांगितलं.

सुरुवातीला नेपाळ आणि श्रीलंकेतले पालक असत. मग अरुणकुमारला व्हिएतनाममधला एक एजंट सापडला. तिथली माणसं मुलांना शिकायला बाहेर पाठवायला एका पायावर तयार असतात, कोरिया, जपान, तैवान, कुठेही, आपण कतार दाखवू, असं तो म्हणायचा. दोन वर्षांचा डिप्लोमा, दोह्यातल्या वेस्ट बेच्या पंचतारांकित हॉटेलात ट्रेनिंग आणि मुलींसाठी वेगळं हॉस्टेल. हॉस्टेलची काळजी घेणारी बाई म्हणून माहितीपत्रकावर नूरीचा हसरा, डोक्यावरून ओढणी घेतलेला फोटो छापला. तोच फोटो मोठा करून व्हिलाच्या बाहेरच्या फलकावरही लावला.

पहिल्या शैक्षणिक मेळाव्याला अरुणकुमार तिला घेऊन विन्ह शहरात गेला. हॉटेलच्या हॉलमध्ये पालक दाटीवाटीने बसले होते. एजंटची दुभाषी मुलगी नूरीचं इंग्रजी त्यांच्या भाषेत सांगत होती, पण लोक बघत होते ते नूरीकडेच. दुसऱ्या दिवशी एजंटने त्यांना समुद्रकाठच्या एका गावात नेलं. मुलगी द्यावी की नाही हे ज्यांचं ठरत नव्हतं, अशी दोन-तीन घरं होती. त्यातलं एक लिएनचं.

अंगणात बांबूच्या चटयांवर मासळी वाळत घातली होती. तो वास नाकात शिरला आणि नूरीला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तिने न विचारता चटईवरची मासळी उलटी केली, जशी तिच्या गावात येता-जाता कुणीही करतं. लिएनची आई ते बघत राहिली. मग हसली. आत नेऊन तिने हिरव्या पानांचा कडवट चहा दिला, शेंगदाणे उकडून पुढे ठेवले. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. दोन मुली. थोरली लिएन, एकोणीस वर्षांची, उंच, अबोल, बारावीला वर्गात पहिली आलेली. धाकटी शाळेत होती.

"हिला तिकडे कुणी ओरडेल का?" आईने दुभाषीमार्फत विचारलं.

"मी आहे ना," नूरी म्हणाली.

"आजारी पडली तर?"

"मी आहे."

आईने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काहीतरी म्हणाली. दुभाषीने सांगितलं, "त्या म्हणतात, तिकडे ती तुमची मुलगी."

"इन्शाल्ला, माझीच," नूरी म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं.

अरुणकुमार गाडीत बसल्यावर हसून म्हणाला, "खलास. ही आली."

त्या वर्षी विन्हच्या बाजूने सव्वीस मुली आल्या. नूरी विमानतळावर स्वतः गेली. व्हिलाच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या खोल्या, खाली वर्ग. पहिले तीन-चार महिने खरोखर चांगले गेले. एक फिलिपिनो बाई टेबल कसं मांडायचं ते शिकवायची, एक गोव्याचे गृहस्थ इंग्रजी शिकवायचे. मुली नूरीला 'को' म्हणायच्या. त्यांच्या भाषेत आत्याही को आणि शिक्षिकाही को. नूरी त्यांच्याकडून एकेक शब्द उचलायची. कुणाचं तोंड उतरलेलं दिसलं की ती विचारायची, "रांग रुआ?" म्हणजे काय झालं गं. हे विन्हच्या बाजूचं खेडवळ बोलणं, शहरातले लोक असं बोलत नाहीत, हे सांगताना मुलींची हसून मुरकुंडी वळायची. नूरी म्हणायची, "मग बरोबर आहे. मी पण खेडवळच."

लिएन हसायची कमी. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात नूरीच्या शेजारी येऊन उभी राहायची आणि न सांगता कांदा चिरायला घ्यायची.

मग गोव्याचे गृहस्थ सोडून गेले. फिलिपिनो बाई सुट्टीला म्हणून गेली ती आलीच नाही. अरुणकुमार म्हणाला, आता प्रॅक्टिकल सुरू, वर्ग ईदनंतर. रोज सकाळी एक बस यायची आणि मुलींना घेऊन जायची. नूरीची दिवसभर ऑफिसात फोनची ड्युटी असायची, पुढच्या वर्षीच्या पालकांशी बोलायची. संध्याकाळी मुली येत त्या गळून गेलेल्या असत. हॉटेलचं काम दमवणारं असतं, असं तिने मनाला सांगितलं. कुणी तिच्याशी फार बोलेनासं झालं होतं, तेही तिने थकव्यावरच घातलं.

एका शुक्रवारी जेवताना हमजा म्हणाला, "नूरे, तुझ्या त्या व्हिएतनामच्या पोरी मेसईदला काय करतात गो?"

"मेसईदला? त्या वेस्ट बेला असतात. हॉटेलात."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितला ना. आमच्या बसच्या वाटेवर मोठी लाँड्री हाय. लेबर कॅम्पातल्या माणसांच्या चादरी धुतात ती. गेटवर सगळ्या रांगेत उभ्या होत्या. ती उंच पोर पण होती."

नूरीने हातातला घास ताटात ठेवला. तरी ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी असतील."

"नसतील," हमजा म्हणाला आणि माशाचा काटा काढत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने टॅक्सी केली. लाँड्रीच्या गेटवरच्या माणसाला इन्स्टिट्यूटचं कार्ड दाखवलं तेव्हा त्याने आत सोडलं. आत वाफेने समोरचं दिसत नव्हतं. कामगारांच्या चादरींचे ढीग डोक्याएवढे. मधोमध चादरी इस्त्री करणारं लांबलचक रोलरचं यंत्र आणि त्याच्या तोंडाशी, ओली चादर दोन्ही हातांनी ताणून आत सोडत, लिएन उभी होती. केस घामाने कपाळाला चिकटलेले. तिने नूरीला बघितलं आणि खाली मान घातली, जणू चोरी तिनेच केली होती.

"किती दिवस झाले?" नूरीने विचारलं.

"बस आली त्या पहिल्या दिवसापासून," लिएन मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "हॉटेल नाही. हॉटेल कधीच नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

लिएनने पुढची चादर उचलली. "आम्हाला वाटलं, 'को'ला माहीत आहे."

 तिथून नूरी तडक अरुणकुमारच्या केबिनमध्ये गेली. त्याने तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"नूरी मॅडम, प्रॅक्टिकल म्हणजे प्रॅक्टिकल," तो शांतपणे म्हणाला. "चादर वेस्ट बेची असो की मेसईदची, इस्त्री तीच. हॉटेलने ऐनवेळी पाठ फिरवली, मी काय करू? व्हिलाचं भाडं कुठून देऊ? ईदनंतर नवे टीचर येतायत. तोवर धीर धरा."

"त्यांच्या आयांना मी शब्द दिलाय."

"मग पाळा ना. कंप्लेंट केलीत तर काय होईल माहीत आहे? विद्यार्थी व्हिसावर काम चालत नाही. आधी त्या पोरींना विमानात बसवतील. हाच तुमचा शब्द?"

नूरी पाण्याला हात न लावता उठली. त्यात हमजाच्या कारखान्यात माणसं कमी करणार अशी बातमी होती. दोघांचंही काम गेलं तर अलीजाला शाळेतून काढून गावी परतावं लागणार. तिने ईदपर्यंत थांबायचं ठरवलं. संध्याकाळी ती भात आणि मासळीचं कालवण करून व्हिलावर नेऊ लागली. मुली जेवायच्या, 'शुक्रन को' असे अरबीत आभार मानायच्या आणि ताटं धुऊन झोपायला जायच्या. फोनवर नव्या पालकांशी बोलताना आता तिची जीभ अडखळायची. दोन-तीन फोन तर तिने उचललेच नाहीत.

ईदला आठवडा राहिला असताना दुपारी लाँड्रीतून फोन आला. लिएनचा उजवा हात यंत्रात गेला होता.

नूरी हॉस्पिटलात पोचली तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं. दोन बोटं काढावी लागली होती. उरलेला हात रोलरच्या उष्णतेने मनगटापर्यंत भाजला होता. पट्ट्यांच्या त्या मोठ्या गोळ्याकडे नूरीला बघवेना. लिएन शुद्धीवर होती. नूरी खाली वाकली, तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि "रांग रुआ?" एवढंच तिला सुचलं. लिएनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण ती लगेच बोलली. तिने आधीपासून जुळवून ठेवलं असावं.

"को, सांगा की किचनमध्ये झालं. हॉस्टेलच्या किचनमध्ये. तेलात हात गेला."

"असं का सांगायचं?"

"मला परत पाठवतील. फीसाठी घर गहाण आहे. बहीण दहावीला आहे. मी डाव्या हाताने काम करेन. प्लीज, को."

बाहेर कॉरिडॉरमध्ये अरुणकुमार उभा होता. त्याच्या शर्टाची घडी त्या दिवशीही मोडलेली नव्हती. "किचन," तो हळूच म्हणाला. "पोलीस तुम्हालाच विचारणार, हॉस्टेल तुमच्याकडे आहे. मुलीचंही तेच म्हणणं आहे. एक शब्द, मॅडम. सव्वीस मुलींचा प्रश्न आहे."

अपघाताची नोंद घ्यायला आलेला पोलीस अधिकारी तरुण होता, इंग्रजी चांगलं बोलायचा. त्याने नूरीला खुर्ची दिली आणि विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?"

उत्तर सोपं होतं. वॉर्डन म्हणता आलं असतं. पण नूरीला ती चटईवरची मासळी दिसली आणि हात धरून बसलेली ती बाई.

"मी हिला इथे आणलं," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. लाँड्री, बस, बंद पडलेले वर्ग, माहितीपत्रकावरचा स्वतःचा फोटोसुद्धा. अधिकारी लिहून घेत होता. मध्ये एकदा तो थांबला आणि म्हणाला, "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

"दीड महिना," नूरी म्हणाली. तेही त्याने लिहून घेतलं.

दाराच्या फटीतून लिएन तिच्याकडे बघत होती. तिला इंग्रजी सगळं कळलं नसेल, पण लाँड्री हा शब्द कळला. तिने मान भिंतीकडे फिरवली.

पुढचं सगळं भराभर झालं. लाँड्रीवर तपासणी आली, व्हिलाला टाळं लागलं. अरुणकुमार त्याच्या आदल्या दिवशीच देश सोडून गेला होता. मुलींना सरकारी निवाऱ्यात ठेवलं, तिथे त्यांना नीट वागवलं गेलं, पण व्हिसा ज्या इन्स्टिट्यूटवर होता तीच राहिली नव्हती. परतीखेरीज वाट नव्हती.

नूरी त्यांना भेटायला गेली तेव्हा बरोबर खजूर आणि कपडे घेऊन गेली होती. कुणी पिशवीला हात लावला नाही. मुलींमधली सगळ्यात मोठी, जिला इंग्रजी बरं यायचं, ती पुढे आली.

"तुम्हाला वाटतं आम्हाला कळत नव्हतं?" ती म्हणाली. "पहिल्या दिवशी कळलं. आम्ही दोन वर्षं मोजत होतो. मिळत होते त्या पैशांतून फीचं कर्ज फिटलं असतं, हातात डिप्लोमा आला असता, तो घेऊन दुसरीकडे गेलो असतो. तुम्ही एका दिवसात सगळ्यांचं संपवलंत."

"तिचा हात गेला गं," नूरी म्हणाली.

"हो. आणि आता आमची घरं जातील."

 नूरी पिशवी तिथेच ठेवून बाहेर आली. बसस्टॉपच्या उन्हात उभी राहून रडली आणि घरी आल्यावर पुन्हा रडली. हमजा शेजारी येऊन बसला. "खरा बोललीस ना? मग रडतंस कशाला?" तो म्हणाला.  मग तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि भांडी घासायला लागला.

नूरीला बऱ्याच वेळा चौकशीला बोलावलं. कागदांवर तिच्या सह्या होत्या, प्रत्येक पालक तिचंच नाव घेत होता. शेवटी तिने स्वतः पुढे येऊन सांगितलं म्हणून तिला सोडून दिलं. हमजाचं काम कसंबसं टिकलं. अलीजाच्या वर्गातल्या एका मुलीने फलकावरचा फोटो ओळखला होता. अलीजा घरी येऊन म्हणाली, "मम्मी, दे सेड यू सेल गर्ल्स." तू मुली विकतेस, असं वर्गात म्हणत होते. तिने लेकीला जवळ घ्यायला हात पुढे केला. अलीजा क्षणभर थांबली, मग आली, पण अंग आखडून उभी राहिली.

लिएन सगळ्यांच्या नंतर गेली, हात जरा भरल्यावर. नूरी विमानतळावर गेली होती. लिएनने तिला नको म्हटलं नाही की या म्हटलं नाही. काउंटरवरच्या बाईने सही मागितली तेव्हा लिएनने पेन डाव्या हातात धरलं आणि पहिलीतल्या मुलीसारखी, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर काढलं. नूरीने कितीतरी पोरांचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती. इथे तिचा हात पुढे झालाच नाही.

"आईला सांगितलंस?" तिने विचारलं.

"नाही. घरी गेल्यावर ती बघेल."

"मी फोन करू?"

"तुमचा आवाज ऐकला की ती विश्वास ठेवेल," लिएन म्हणाली. "नको."

ती आत गेली. वळून बघितलं नाही.

त्यानंतर नूरी घरीच शेजारच्या मुलांना मराठी आणि गणित शिकवायला लागली. सुट्टीत गावी जाणाऱ्यांच्या मुलांना आजी-आजोबांशी दोन वाक्यं बोलता यावीत एवढीच पालकांची अपेक्षा असते. आणखी एका इन्स्टिट्यूटने, मग एका मनुष्यबळ कंपनीने तिला विचारलं. पालकांशी बोलायचं काम. तिने दोन्हीकडे नाही म्हटलं. लिएनला ती महिन्याकाठी मेसेज करायची, कशी आहेस. कधी उत्तर यायचं, कधी नाही. आई मासळी वाळवते, मी डाव्या हाताने मदत करते. घर अजून आहे. एवढंच.

गेल्या हिवाळ्यात लिएनचा आपणहून फोन आला, व्हिडिओवर. चेहरा सुकला होता, पण तिने केस नीट बांधले होते. डाव्या हाताने बांधायला शिकली असणार. ती म्हणाली, धाकटीची बारावी झाली, ती जपानला चाललीय. भाषेची शाळा आहे, शिकता शिकता थोडं कामही करता येतं. एजंट नवा आहे, गावातलाच आहे. कर्ज दोघींचं मिळून तीच फेडेल.

नूरी उभीच राहिली. "लिएन, पाठवू नका. त्या शाळेचं नाव दे, मी चौकशी करते. काम किती तास, कुठे, कोण देणार, हे लिहून घेतल्याशिवाय नको. आईला दे फोन. मी बोलते. तू फक्त तिच्या भाषेत सांग."

लिएनने फोन फिरवला. आई चटईवर बसली होती, पूर्वीपेक्षा कितीतरी म्हातारी. नूरीने सांगायला सुरुवात केली. आयुष्यात कुणाला समजावलं नसेल तसं तिने समजावलं. लिएन वाक्यामागून वाक्य आईच्या भाषेत सांगत होती, आवाज न चढवता. आई ऐकत होती. नूरीचं संपलं तेव्हा ती बराच वेळ बोलली, हळू, फोनकडे न बघता.

"काय म्हणाली?" नूरीने विचारलं.

लिएनने आईकडे बघितलं.

"सांग ना गं."

"ती विचारते, तुमची मुलगी शाळेत जाते का."

"जाते," नूरी म्हणाली.

लिएनने तेवढं आईला सांगितलं. आईने मान डोलावली, उठली आणि मासळी उलटायला गेली. फोनच्या कोपऱ्यात धाकटी दिसत होती. नव्या सुटकेसची चेन एकदा उघडून, एकदा लावून बघत होती.

"तिचं विमान कधी आहे?" नूरीने विचारलं.

"परवा," लिएन म्हणाली.